मामांनी आणलेली तीन जपानी सुलेखने आणि त्यांच्या मागच्या चिठ्ठ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे : नोकरीनिमित्त काही वर्षे जपानात राहिलेल्या मामांनी क्योतोहून आणलेली तीन सुलेखने आता आपल्याकडे आली आहेत. त्यांत एक लांब गुंडाळीपट आहे, एक चौकोनी पुठ्ठा आहे आणि एक काळ्या वर्तुळाचे ठसाचित्र आहे. प्रत्येकाच्या मागे दुकानदाराने चिकटवलेली इंग्रजी चिठ्ठी असून तिच्यावर अनुक्रमे ‘प्रत्येक दिवस चांगला दिवस आहे’, ‘स्वप्न’ आणि ‘मी समाधानी आहे’ अशा आशयाचा मजकूर आहे. हे अर्थ बरोबर आहेत का, यांत काही धार्मिक आहे का, तसे असल्यास ती देवघराजवळ लावावीत का, आणि ती हाताने लिहिलेली आहेत की छापील, असे आपण विचारले आहे. आपण पाठवलेली छायाचित्रे मी नीट पाहिली. पुण्यात पंचवीस वर्षे जपानी भाषा शिकवताना आणि त्यातली बरीचशी वर्षे कुंचला हाती धरून सराव करताना जे कळले, त्याच्या आधारे हे उत्तर लिहितो आहे. तिसऱ्या चित्राबाबत एक दुरुस्ती सुचवायची आहे, म्हणून ते शेवटी घेतो.

कोशाच्या हिशेबाने तिन्ही चिठ्ठ्या बरोबर आहेत. मात्र शोदो म्हणजे जपानी सुलेखन हे कोश उघडून वाचायचे लेखन नव्हे. भिंतीवर टांगायच्या पटावर जे चार-पाच अक्षरांचे वाक्य असते, ते बहुतेक वेळा झेनगो म्हणजे झेन या बौद्ध पंथाच्या परंपरेतले वचन असते, आणि अशी पुष्कळ वचने चीनमधल्या थांग आणि सोंग राजवटींच्या काळातील गुरुशिष्य-संवादांतून उचललेली असतात. आपल्याकडे एखाद्या अभंगाचा अर्धाच चरण दारावर लिहिला तरी वाचणारा उरलेला अर्धा मनातल्या मनात म्हणतो. ज्याला अभंगच ठाऊक नाही, त्याच्यापुढे मात्र चार सुटे शब्द उरतात. झेनगोचे तसेच आहे. मागची गोष्ट ठाऊक नसेल तर हाती आलेला अर्थ खोटा नसतो, पण तो फार पातळ असतो.

एक उदाहरण देतो, कारण हे वचन आपल्याला जपानी चहाच्या दुकानांत आणि चहागृहांत हमखास दिसेल. ‘किस्साको’ या तीन अक्षरांचा अर्थ सहसा ‘या, चहा घ्या’ असा सांगितला जातो. मूळ गोष्टीत चाओचौ नावाचे चिनी गुरू (जपानी उच्चार जोशू) एका नवागत भिक्षूला विचारतात, ‘पूर्वी इथे आला होतास का?’ तो ‘हो’ म्हणतो, तेव्हा गुरू म्हणतात, ‘जा, चहा पी.’ दुसरा भिक्षू ‘नाही’ म्हणतो; त्यालाही तेच उत्तर मिळते. मठाचा कारभारी गोंधळून विचारतो की आलेल्याला आणि न आलेल्याला एकच उत्तर कसे? गुरू त्याला नावाने हाक मारतात, तो ‘जी’ म्हणतो, आणि त्यालाही चहाला पिटाळले जाते. मूळ चिनी बोलीत या शब्दांचा कल ‘इथून जा आणि चहा पिऊन ये’ असा, काहीसा कानउघाडणीचा आहे. पुढे जपानी चहाविधीत तेच शब्द आतिथ्याचे झाले. मराठीत ‘चहा घेऊन जा’ हे वाक्य सुरानुसार आग्रहाचेही होते आणि वाटेला लावण्याचेही होते, हे ज्याला कळते त्याला किस्साको समजावून सांगावे लागत नाही.

आता आपला पट. अशा गुंडाळीपटाला काकेजिकु म्हणतात आणि एका उभ्या ओळीत लिहिलेल्या वचनाला इचिग्योमोनो. आपल्या पटावर ‘निचिनिचि कोरे कोजित्सु’ ही पाच अक्षरे आहेत. शेवटच्या शब्दाचा ‘कोनिचि’ असाही उच्चार झेन मठांत करतात. हे वचन युनमेन (जपानी उच्चार उम्मोन, मृत्यू 949) या गुरूंचे आहे आणि बाराव्या शतकात सिद्ध झालेल्या ‘हेकिगानरोकु’ या शंभर प्रसंगांच्या संग्रहात ते सहावे आहे. प्रसंग असा की गुरू भिक्षूंना म्हणतात, ‘पंधराव्या दिवसाच्या आधीचे मी तुम्हाला विचारत नाही, पंधराव्या दिवसानंतरचे एक वाक्य बोला.’ कोणीच बोलत नाही, तेव्हा ते स्वतःच उत्तर देतात, ‘रोजचा दिवस चांगला दिवस.’

पंधरावा दिवस म्हणजे चांद्रमासातली पौर्णिमा, हे तिथी पाळणाऱ्या घरातल्या वाचकाला सांगायला नको. पौर्णिमेपर्यंत चंद्र वाढतो आणि नंतर झिजतो. चंद्र झिजू लागल्यावरच्या दिवसांबद्दल काय म्हणाल, असा प्रश्नाचा एक रोख घेता येतो, आणि त्यावरचे हे उत्तर आहे. त्यामुळे ‘आजचा दिवस छान जावो’ या शुभेच्छेशी त्याची गल्लत करू नये. येथील ‘चांगला दिवस’ मुहूर्ताचाही नाही. जपानी दिनदर्शिकेत रोकुयो नावाचे सहा दिवसांचे चक्र असते. त्यातला ताइआन शुभ आणि बुत्सुमेत्सु अशुभ मानतात, आणि लग्नाची तारीख ठरवताना अनेक घरांत आजही ते पाहिले जाते. उम्मोन यांचे वाक्य त्या हिशेबाच्या अलीकडचे आहे : चांगल्या आणि वाईट दिवसांची वाटणी करण्याआधीचा जो दिवस, त्याला ते चांगला म्हणतात. घरात आजारपण असताना किंवा कोणी गेल्यानंतरही हा पट टांगता येतो, तो यामुळेच.

शब्दाइतकाच अर्थ हातात असतो, आणि आपल्या पटात तो पाहण्यासारखा आहे. दिवसासाठीचे अक्षर मूळचे सूर्याचे आहे : एक उभट चौकट आणि तिच्या मधोमध एक आडवी रेघ. पाच अक्षरांत ते तीनदा येते. शिवाय मधले ‘कोरे’ हे अक्षर नीट पाहिले तर त्याच्या डोक्यावरही तोच छोटा सूर्य बसलेला आहे. म्हणजे एका ओळीत चार सूर्य आले. ते चारही सारखे काढले तर ओळ मेली, असे शोदो शिकवणारा कोणीही सांगेल. (काही जण दुसऱ्या सूर्याच्या जागी पुनरुक्तीचे चिन्ह वापरून ही अडचण चुकवतात, आपल्या लेखकाने ती वाट घेतलेली नाही.) पहिला सूर्य शाईने थबथबलेल्या कुंचल्याचा, जाड आणि कडा किंचित पसरलेला आहे; या पसरण्याला निजिमि म्हणतात. दुसरा त्याच दमात, अरुंद आणि थोडा डावीकडे कललेला आहे. तिसऱ्या अक्षरावर पोहोचेपर्यंत शाई संपत आली आहे, आणि चौथ्या, म्हणजे ‘चांगला’ या अक्षरात कुंचल्याच्या केसांमधून कागदाचा पांढरा दिसतो. त्याला कासुरे म्हणतात. नेमका ‘चांगला’ हाच शब्द कोरडा, ओरखड्यासारखा उमटला आहे. त्यानंतर कुंचला पुन्हा बुडवून शेवटचा सूर्य काळाभोर काढला आहे. हे ठरवून झाले की ओघात, ते लिहिणाराच जाणे. मला मात्र पटाचा अर्थ त्या चौथ्या अक्षराच्या कोरडेपणात अधिक सापडतो.

डाव्या बाजूला खाली सही आणि दोन शिक्के आहेत, वर उजवीकडे एक लांबट शिक्का आहे. सहीच्या आधीची तीन अक्षरे ‘माजी दाइतोकु’ अशी वाचता येतात. क्योतोच्या दाइतोकुजी या रिन्झाई झेन मंदिराच्या परंपरेतले भिक्षू ही पदवी लावतात, आणि चहाच्या खोलीसाठी पट लिहून देण्याची तिथली रीत जुनी आहे. अशा खोलीत शिरल्यावर पाहुणा यजमानाशी बोलण्याआधी तोकोनोमा या कोनाड्यात टांगलेल्या पटापुढे बसून वाकतो. तो मान अक्षरांच्या वळणापेक्षा लिहिणाऱ्याच्या साधनेला दिलेला असतो.

दुसरी वस्तू शिकिशी आहे, म्हणजे साधारण 27 सेंटिमीटर लांब आणि 24 सेंटिमीटर रुंद असा जाड पुठ्ठा. त्यावर एकच अक्षर आहे, ‘युमे’, म्हणजे स्वप्न. जपानात शाळा सोडून जाणाऱ्या मुलांना शिक्षक हे अक्षर लिहून देतात, मुलेही नववर्षाच्या पहिल्या लेखनात, काकिझोमेत, ते आवडीने लिहितात, आणि तेव्हा त्याचा अर्थ ध्येय असा असतो. हेच अक्षर भिक्षूच्या हातचे असेल तर ते दुसऱ्याच दिशेला तोंड करते. वज्रच्छेदिका सूत्र या बौद्ध ग्रंथाच्या अखेरीस घडवलेल्या सगळ्या गोष्टी स्वप्न, बुडबुडा, दव आणि वीज यांसारख्या पाहाव्यात असे म्हटले आहे. तिथले स्वप्न हे आहे. 1598 मध्ये मरण पावलेल्या तोयोतोमी हिदेयोशीने, ज्याच्या हाती जवळजवळ सगळा जपान आला होता, आपल्या मृत्युकाव्यात स्वतःला दवासारखे पडून दवासारखे विरणारे म्हटले आणि ओसाकातल्या आपल्या वैभवाला ‘स्वप्नातले स्वप्न’ म्हटले. दाइतोकुजीचेच ताकुआन (जन्म 1573) मृत्यूशय्येवर होते तेव्हा शिष्यांनी अखेरच्या काव्याचा आग्रह धरला. त्यांनी कुंचला मागून घेऊन ‘युमे’ एवढे एकच अक्षर लिहिले आणि कुंचला टाकला.

मग आपले स्वप्न यांतले कोणते? चित्रात मठाची पदवी नाही, भिक्षूचा शिक्का नाही, पुठ्ठ्यावर सोनेरी कण शिंपडलेले आहेत आणि अक्षर सोशो या वाहत्या शैलीत, तेरा रेघांचे तीन-चार वळणांत गोळा करून, हलक्या हाताने लिहिले आहे. हे एखाद्या सुलेखन-शिक्षकाचे, शुभेच्छेचे काम दिसते. मुलांच्या अभ्यासाच्या खोलीत ते खुशाल लावावे.

प्रसंग न पाहता वचन निवडले की काय होते, याचा धडा मी स्वतः घेतलेला आहे. सुरुवातीच्या उत्साहात एका मित्राच्या वास्तुशांतीला मी ‘होन्राइ मु इचिमोत्सु’ हे वचन लिहून, चांगल्या लाकडी चौकटीत घालून नेले. सहाव्या झेन आचार्यांच्या गाथेतली ती ओळ आहे आणि अक्षरेही बरी उतरली होती. मित्राच्या आईने अर्थ विचारला. ‘मुळात एकही वस्तू नाही’ हे वाक्य नव्या घरात, नव्या भांड्याकुंड्यांच्या राशीसमोर उभे राहून सांगताना माझी जी तारांबळ उडाली, ती अजून आठवते.

देवघराचा प्रश्न रास्त आहे. आपल्या तिन्ही कामांत कोणत्याही देवतेचे वा बुद्धाचे नाव नाही आणि ती पूजेची वस्तू नाहीत. ओळखण्याची सोपी खूण सांगतो. ओळीची सुरुवात ‘नामु’ने होत असेल, जसे ‘नामु आमिदा बुत्सु’ किंवा ‘नामु म्योहो रेंगे क्यो’, तर तो उपासनेचा पट आहे. हे ‘नामु’ आपले ‘नमो’ आहे. ज्या दोन अक्षरांनी ते लिहितात त्यांचे कोशातले अर्थ ‘दक्षिण’ आणि ‘नाही’ असे आहेत, पण इथे ती केवळ उच्चारापुरती उसनी घेतलेली आहेत. कोश घेऊन बसणारा माणूस नमस्काराच्या जागी दक्षिण दिशा शोधत बसेल.

प्रज्ञापारमिता हृदय सूत्रातल्या ‘शिकि सोकु झे कू’ या चार अक्षरांत हा घोळ आणखी गमतीचा होतो. रोजच्या जपानीत पहिल्या अक्षराचा अर्थ रंग आणि शेवटच्याचा आकाश. म्हणून पर्यटकांच्या वस्तूंवर ‘रंग हेच आकाश’ छापाची भाषांतरे सापडतात. मूळ संस्कृतात ते रूप आणि शून्यता आहे. जपानात म्हणतात आणि लिहितात तो चिनी अनुवाद ह्यूएन त्संग यांच्या नावावर आहे. पुलकेशीच्या राज्यात येऊन महाराष्ट्रातल्या माणसांच्या मानी आणि सूड न विसरणाऱ्या स्वभावाची नोंद करून गेलेले यात्रेकरू ते हेच. त्यांनी अर्थ लागणाऱ्या ओळींचे भाषांतर केले आणि शेवटचा मंत्र मात्र उच्चारानेच ठेवला. जपानी तोंडी तो ‘ग्यातेइ ग्यातेइ हारा ग्यातेइ’ असा येतो. आपल्या कानाला ‘गते गते पारगते’ लगेच ओळखू येते. हे सूत्र हाताने उतरवण्याला शाक्यो म्हणतात, त्यात ओळीला 17 अक्षरे धरण्याची रीत आहे, आणि क्योतोतल्या अनेक मंदिरांत कोणालाही बसून ते करता येते. ते कधी हाती आले तर देवघराजवळ जरूर ठेवावे.

हाताने लिहिलेले की छापील, हे छायाचित्रावरून पूर्ण सांगता येत नाही, पण घरी तपासता येते. साधे भिंग घ्या आणि जिथे एक रेघ दुसरीला ओलांडते ती जागा पाहा. हाताच्या कामात दुसरी रेघ पहिलीवर चढलेली दिसते आणि तिथे काळेपणाचे दोन थर जाणवतात. छपाईत सगळा काळा एका पातळीत असतो, कधी बारीक ठिपक्यांची जाळीही दिसते. शिक्क्याची लाल शाई हिंगुळ, तेल आणि वनस्पतीचे तंतू मळून केलेली लगदेदार शाई असते, म्हणून खरा शिक्का कागदावर किंचित उठलेला असतो. पटाच्या कासुरे जागी कुंचल्याच्या एकेका केसाची वाट सुटी दिसते; माझ्या अंदाजाने आपला पट आणि पुठ्ठा हाताचे आहेत.

पटाची काळजी मात्र घ्यावी लागेल, विशेषतः आपल्या पावसाळ्यात. सुमि ही शाई काजळी आणि प्राणिज सरस यांची असते आणि काजळीचा रंग उडत नाही. कागद पिवळा पडतो, अक्षर काळेच राहते. धोका कागदाला आणि त्याच्या पाठीच्या पिठाच्या खळीला आहे, कारण खळीवर बुरशी येते आणि कसर लागते. जपानात पट वर्षभर टांगून ठेवतच नाहीत. ऋतूनुसार, पाहुण्यानुसार काढतात आणि एरवी किरी या हलक्या लाकडाच्या पेटीत गुंडाळून ठेवतात. आपणही जूनच्या आधी, कोरड्या दिवशी, तो गुंडाळून ठेवावा, दसऱ्यानंतर ऊन न लागणाऱ्या भिंतीवर दोन दिवस हवा देऊन मग टांगावा. प्लास्टिकच्या थरात तो कधीही बंद करू नये. पेटीच्या झाकणावर काही लिहिलेले असेल तर ती पेटी टाकू नका. पटाची ओळख बहुधा तिथेच असते.

आता वर्तुळ. हे ठसाचित्र क्योतोच्या र्‍योआनजी मंदिरातल्या त्सुकुबाईचे आहे. पंधरा दगडांच्या बागेसाठी ते मंदिर प्रसिद्ध आहे, आणि इमारतीच्या मागच्या बाजूला हे दगडी कुंड आहे. त्सुकुबाई म्हणजे ज्याच्यापुढे खाली वाकून हात धुवावे लागतात ते कुंड. त्याचा आकार जुन्या जपानी नाण्याचा, मध्ये चौकोनी भोक असलेला आहे, आणि त्या चौकोनात पाणी भरलेले असते. चौकोनाच्या चार बाजूंना चार अक्षरे कोरली आहेत. ती एकेकटी वाचली तर वर ‘पाच’, डावीकडे ‘बाण’, उजवीकडे एका पक्ष्याचे चिन्ह आणि खाली पायाच्या अक्षराचा खालचा अर्धा भाग दिसतो. यांतून कसलेच वाक्य होत नाही. पण जपानी लिपीत रिकामा चौकोन हे ‘तोंड’ असे अक्षर आहे. मधला पाण्याचा चौकोन प्रत्येकाने आपला मानला की ‘पाच’च्या खाली तोंड येऊन ‘मी’ होतो, पक्ष्याच्या डावीकडे तोंड येऊन ‘केवळ’ होतो, खालच्या भागावर तोंड येऊन ‘पुरेसे’ होते आणि बाणाच्या उजवीकडे तोंड येऊन ‘जाणणे’ होते. वरून सुरू करून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वाचायचे : वारे, तादा, तारु ओ शिरु.

‘पुरेसे’चे अक्षर ‘पाय’ याही अर्थाने वापरतात, त्यामुळे अक्षराला अक्षर लावणाऱ्याच्या हाती ‘मी फक्त पाय जाणतो’ असे काहीतरी लागेल. चिठ्ठीवरच्या ‘मी समाधानी आहे’ या वाक्यात ‘तादा’ हरवला आहे. मूळ वाक्यात माणूस आपल्या समाधानाची ग्वाही देत नाही. ‘पुरे आहे एवढेच मला कळते’ असे म्हणतो. हा ‘पुरे जाणण्याचा’ विचार चिनी बौद्ध ग्रंथांत जुना आहे, आणि तुषित स्वर्गाच्या नावाचे त्यांनी केलेले भाषांतरही याच दोन अक्षरांचे, ‘पुरे जाणणारा’ असे आहे. तुषितमधला ‘तुष्’ धातू आपल्या ‘संतुष्ट’मधलाच. ते पैशाच्या आकारात कोरले आहे आणि पैशाच्या भोकातूनच वाचता येते, ही गंमत दुकानदाराच्या चिठ्ठीत मावण्यासारखी नाही.

दुरुस्ती अशी : आपल्या छायाचित्रात बाणाचे अक्षर वर आले आहे. वर्तुळाला खाली-वर नसल्याने असे होणे साहजिक आहे. चौकट पाव फेरा डावीकडे फिरवा, म्हणजे बाण डावीकडे जाईल आणि दोन आडव्या रेघांच्या मध्ये उभे असलेले ‘पाच’ हे अक्षर वर येईल. चौकटीच्या मागचा दोरा त्याप्रमाणे बदलावा लागेल. मामांनी लावलेला आकडा काढायचा नसेल तर तो तसाच राहू द्या, नवा आकडा शेजारच्या पट्टीवर ठोका.